दोन इंच फोम आणि साधेपणाचं कौतुक

प्रा. मधु दंडवते यांची जयंती २१ जानेवारीला येते आणि पुण्यतिथी १२ नोव्हेंबरला, आणि दोन्ही दिवशी आमच्या गावाकडच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. केंद्रात रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले तरी किती साधे राहिले, मेल्यावर देहसुद्धा जे.जे. हॉस्पिटलला देऊन टाकला, असा माणूस आता होणे नाही, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी पण तो मेसेज पुढे पाठवलाय, बऱ्याच वेळा. पण गेली काही वर्षं तो आला की मला राग येतो, आणि तो का येतो ते एकदा नीट मांडायचं म्हणून हे लिहायला बसलोय.

राग दंडवत्यांवर नाही हे सांगायला नको. ते साधे होते हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण साधेपणा हा त्यांचा स्वभाव होता, काम नव्हतं. आपण मात्र स्वभाव लक्षात ठेवला आणि काम विसरलो. एकदा एखाद्या पुढाऱ्याला साधा म्हणून देव्हाऱ्यात बसवलं की मग त्याने सत्तेत असताना नेमकं काय केलं, कसं केलं, कुणासाठी केलं हे कुणी विचारतच नाही, आणि याचा सगळ्यात जास्त फायदा आजच्या पुढाऱ्यांना होतो कारण त्यांना पण मग तो प्रश्न कुणी विचारत नाही. "आता तसे होणे नाही" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं पण तेच केलं आपण. अकरा वेळा आमदार झालेला माणूस, आणि आठवण काय तर एसटीने फिरायचे. दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी तो माणूस आयुष्यभर भांडला, त्याचं काय?

माझे बाबा लालबागला एका कारखान्यात फिटर होते. मशिनं बसवायला त्यांना बाहेरगावी पाठवायचे, नागपूर, रायपूर, एक-दोनदा तर पार हावड्यापर्यंत. आमच्याकडे माळ्यावर एक होल्डॉल होता, खाकी कॅनव्हासचा, चामड्याचे पट्टे असलेला. लहानपणी मला वाटायचं की ही पिकनिकला न्यायची वस्तू असणार. नंतर कळलं की तेव्हा सेकंड क्लासला झोपायला नुसती लाकडाची फळी असायची, तीस-पस्तीस तास त्या फळीवर काढायचे तर गादी घरून न्यायला लागायची, म्हणून होल्डॉल. १९७४ साली थर्ड क्लास हे नाव गेलं, तेच डबे सेकंड क्लासचे झाले, फळी होती तीच राहिली. बाबा सांगायचे की बाकीचं सगळं सहन व्हायचं, गर्दी, धूळ, पाणी नसणं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी साईटवर उतरल्यावर कंबर सरळ व्हायला दोन तास लागायचे आणि मुकादम तोवर थांबायचा नाही.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं आणि कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिच्यात फर्स्ट क्लासच नव्हता, सगळे एकाच दर्जाचे, आणि झोपायच्या फळीवर दोन इंचाचा फोम. पुढे तोच फोम हळूहळू सगळ्या गाड्यांमध्ये आला. त्यांची भूमिका अशी होती की फर्स्ट क्लासला खाली ओढायचं नाही, सेकंड क्लासला वर उचलायचं.

मला हा फोम फार मोठी गोष्ट वाटते. लोक ऐकतात आणि हसल्यासारखं करतात, की एवढंच? पण बघा ना, इंग्रजांच्या काळापासून या देशातला गरीब माणूस लाकडावर बसून आणि लाकडावर झोपून प्रवास करत होता, गांधीजींनी थर्ड क्लासच्या हालांवर लिहून ठेवलं होतं, स्वातंत्र्य मिळून तीस वर्षं झाली होती, कितीतरी रेल्वेमंत्री येऊन गेले होते, त्यातले काही नक्कीच चांगले आणि साधेही होते, लालबहादूर शास्त्रींपेक्षा साधा कोण असणार, आणि तरी फळी फळीच राहिली होती. म्हणजे साधेपणाने फोम येत नाही. फोम येतो तो कुणीतरी फाईलवर तसं लिहिल्यावर, खर्चाची तरतूद केल्यावर, कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक नव्या डब्यात तो असलाच पाहिजे असा नियम केल्यावर. एका मंत्र्याने सव्वादोन वर्षांच्या कारकिर्दीत ते केलं, आणि त्यानंतर कुठल्याही पक्षाचं सरकार आलं तरी कुणाची फळी परत लाकडाची करायची हिंमत झाली नाही. सरकार पडलं तरी टिकतो तो बदल खरा, असं मला वाटतं.

दंडवते मुळात फिजिक्सचे प्राध्यापक. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मुंबईतलं सिद्धार्थ कॉलेज, तिथे शिकवायचे. बेचाळीसच्या चळवळीत होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते, संयुक्त महाराष्ट्रात होते, म्हणजे आंदोलनातून आलेले. पण आंदोलनातून आलेले बरेच लोक खुर्चीवर बसल्यावर गोंधळतात, कारण विरोध करणं आणि चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडवत्यांचं तसं झालं नाही. त्यांच्याच काळात जुने झिजलेले रूळ बदलण्याचं काम मोठ्या प्रमाणात हातात घेतलं गेलं, ज्याचा फोटो निघत नाही आणि ज्याची फीत कापता येत नाही असं काम. रिझर्व्हेशन कॉम्प्युटरवर आणण्याचा विचार पण त्यांच्याच काळात पुढे आला, प्रत्यक्षात तो ८५-८६ ला दिल्लीत सुरू झाला. आज मोबाईलवर तिकीट काढणाऱ्याला कल्पना येणार नाही की हाताने लिहिलेल्या चार्टच्या काळात खिडकीवरचा क्लार्क आणि बाहेरचा दलाल मिळून काय करू शकत होते.

आणि १९७४ चा संप. मे महिन्यातला तो वीस दिवसांचा रेल्वे संप ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको, सुमारे सतरा लाख कामगार, जॉर्ज फर्नांडिस नेते, सरकारने तो चिरडला, हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वे कॉलनीतून कुटुंबं बाहेर काढली. दंडवते मंत्री झाल्यावर त्या कामगारांना परत घेतलं. सूड घ्यायची संधी असताना, ज्यांनी संप मोडला त्या अधिकाऱ्यांच्या मागे लागण्याऐवजी, नोकरी गेलेल्या गँगमनला, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या कामगाराला, त्याची नोकरी परत देणं हे पहिलं काम वाटणं, याला मी राजकारण म्हणतो. विसरू नका की हा माणूस स्वतः नुकताच तुरुंगातून सुटून आला होता. आणीबाणी लागली तेव्हा ते संसदेच्या कमिटीच्या कामासाठी बंगळूरला गेलेले, तिथेच वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्रांबरोबर पकडले गेले आणि बंगळूरच्या जेलमध्ये राहिले. प्रमिलाताई येरवड्यात. नवराबायको दोन राज्यांतल्या दोन तुरुंगात, बोलणं सगळं पत्रांतून. ज्याच्यावर हे गुदरलं त्याच्या हातात रेल्वेसारखं खातं आलं आणि त्याने पहिल्यांदा फळी आणि गँगमन बघितला.

आता कोकण रेल्वेकडे येतो, कारण आम्हा कोकणातल्या लोकांसाठी दंडवते म्हणजे तेवढंच. ते पण अर्धवट सांगितलं जातं. कोकणात रेल्वे यावी हे काही एकट्या दंडवत्यांचं स्वप्न नव्हतं, अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य घातलं, बॅरिस्टर नाथ पै राजापूरमधून तीनदा निवडून गेले आणि संसदेत ते हा विषय मांडत राहिले, जानेवारी १९७१ मध्ये बेळगावला त्यांचं अकाली निधन झालं. त्याच वर्षी इंदिरा लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून फक्त दोन खासदार आले, त्यातले एक दंडवते, राजापूरचे. तिथपासून ८९ पर्यंत पाच वेळा सलग. ८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती तेव्हाही ते आले.

रेल्वेमंत्री असताना त्यांनी काय केलं असतं? आजच्या रीतीने म्हणाल तर आपल्या मतदारसंघात एक स्टेशन जाहीर केलं असतं, नारळ फोडला असता आणि पुढच्या निवडणुकीत तोच दगड दाखवला असता. प्रत्यक्षात त्यांच्या काळात रायगड जिल्ह्यातल्या आपटा-रोहा मार्गाचं काम सुरू झालं. रोहा त्यांच्या मतदारसंघात नाही, जवळपासही नाही. पण रेल्वे वरून खालीच येणार, आधी रोह्यापर्यंत आली तरच पुढे सावंतवाडीला जाणार, हे फिजिक्सवाल्या माणसाला कळत होतं. रोह्याला गाडी पोचली १९८६ ला, तोवर त्यांचं मंत्रिपद जाऊन सात वर्षं झाली होती.

मग १९८९ ला व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे. अर्थमंत्री दंडवते, राजापूरचे. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. पश्चिम किनाऱ्याच्या बाजूची तीन माणसं एका वेळी तीन मोक्याच्या जागांवर बसली होती आणि सरकार किती टिकेल याची खात्री कुणालाच नव्हती. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून दरवर्षी थोडे थोडे पैसे घेत बसलं तर कोकण रेल्वेला अजून चाळीस वर्षं लागली असती. म्हणून वेगळी कंपनी काढली, केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६, आणि बाकीचा पैसा करमुक्त बाँड काढून बाजारातून. १९ जुलै १९९० ला कंपनी स्थापन झाली, ई. श्रीधरन तिचे प्रमुख. नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं. पण कंपनी उभी राहिली होती, करार झाले होते, काम थांबवता येणार नव्हतं. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर गाडी धावली, सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे धरून दोन हजारांच्या आसपास पूल. बांधकामात जे कामगार गेले त्यांचं स्मारक रत्नागिरी स्टेशनवर आहे, कधी उतरलात तर दोन मिनिटं तिथे उभे राहा.

यात साधेपणा कुठे आहे सांगा बरं. ही चतुराई आहे, चांगल्या अर्थाने. अकरा महिने टिकलेल्या सरकारमध्ये एका समाजवाद्याने बाजारातून कर्ज उभारायची योजना पुढे नेली, स्वतःच्या पुस्तकी विचारांना चिकटून बसला नाही. त्याच वर्षी त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला. हा कायदा ज्या धोरणातून आला ते मूळ मोरारजी देसाईंचं, ६३ साली चौदा कॅरेटच्या वर दागिने करायला बंदी आली आणि गावोगावच्या सोनारांचं वाटोळं झालं, सोन्याची चोरटी आयात वाढली, कोकणच्या किनाऱ्यावर कुठल्या बंदरात काय उतरायचं हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आजही सांगता येतं. ज्या मोरारजींच्या मंत्रिमंडळात काम केलं त्यांचाच हा वारसा दंडवत्यांनी निकालात काढला. कायद्याने लोकांचं सोन्याचं वेड जात नाही, फक्त सोनार मरतो आणि तस्कर जगतो, हे त्यांनी बघितलं आणि मान्य केलं. आपण वर्षानुवर्षं ज्या नियंत्रणांच्या बाजूने राहिलो त्यातलं एक चुकलंय हे मान्य करायला धाडस लागतं.

सगळं गोडच लिहायचं नाहीये मला. अर्थमंत्री म्हणून त्यांच्यावर टीका होते आणि ती सगळी चुकीची नाही. दहा हजारापर्यंतची शेतकरी कर्जमाफी त्याच सरकारची, तिच्यामुळे सहकारी बँकांची आणि सोसायट्यांची वसुलीची शिस्त बिघडली असं म्हणणारे लोक आहेत आणि गावच्या सोसायटीचा कारभार ज्याने जवळून बघितलाय त्याला त्यात तथ्य वाटतं. तिजोरीची तूट वाढत होती, परकीय चलन आटत होतं, ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला आणि तेल भडकलं, पुढच्या वर्षी देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. हे संकट दंडवत्यांनी आणलं नाही, आधीच्या दहा वर्षांचं कर्ज होतं ते, पण ते येतंय हे दिसत असताना वेळेत आवरलं पण नाही. सरकारच अल्पमतात, एका बाजूला भाजप, एका बाजूला डावे, कठोर निर्णय घ्यायची ताकद नव्हती, हे कारण आहे, पण कारण असलं म्हणून हिशोबातून सूट मिळत नाही. माझ्या मते रेल्वेमंत्री दंडवते थोर होते आणि अर्थमंत्री दंडवते ठीक होते.

दुसरी गोष्ट याहून जास्त बोचते. समाजवाद्यांनी कोकणात माणसं घडवली, शिक्षक, सेवादलाची पोरं, ग्रंथालयं, शाळा, पण पक्ष घडवला नाही. प्रजा समाजवादी, मग समाजवादी, मग जनता, मग जनता दल, पाटी बदलत राहिली, प्रत्येक फुटीत थोडे थोडे कार्यकर्ते गळत गेले, आणि ८५ नंतर मुंबईतून शिवसेना कोकणात उतरली तेव्हा तिच्या समोर उभं राहायला वाडीवाडीत तरुण पोरगाच नव्हता. व्याख्यानाला गर्दी व्हायची, बूथवर बसायला कुणी नसायचं. दंडवते दिल्लीत मोठे होत गेले आणि मतदारसंघात त्यांच्या मागे दुसरा माणूस तयार झाला नाही. ही त्यांची चूकच म्हणायला पाहिजे.

१९९१ ला ते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. राजीव गांधींची हत्या झाली होती, त्यानंतर आपल्याकडे मतदान झालं, सहानुभूती होती, हे सगळं आहेच. पण कोकण रेल्वेची कंपनी स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं आणि ज्याने त्यासाठी वीस वर्षं घालवली तो माणूस हरतो, हे बघून तेव्हा बऱ्याच लोकांनी मतदाराला कृतघ्न म्हटलं. अजूनही म्हणतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे.

माझे बाबा दंडवत्यांचे भक्त म्हणावे असे. त्यांनी दंडवत्यांना आयुष्यात एकदाही मत दिलं नाही. देऊच शकत नव्हते. त्यांचं नाव मुंबईच्या मतदारयादीत. कोकण रेल्वेची गरज सगळ्यात जास्त कुणाला होती तर चाकरमान्याला, जो गणपतीला, शिमग्याला, आईच्या आजारपणाला रात्रभर एसटीने कशेडी घाट उतरत घरी जायचा, त्याच्याआधी बोटीने जायचा. तो चाकरमानी मत द्यायचा परळला, लालबागला, गिरगावात, नाहीतर डोंबिवलीला. गावात मत होतं ते आजीचं, आणि आजीला रेल्वेने कुठे जायचं नव्हतं. तिला विहिरीला पाणी हवं होतं, वाडीपर्यंत रस्ता हवा होता, दवाखान्यात डॉक्टर हवा होता. तिने दुसऱ्याला मत दिलं असेल तर त्यात कृतघ्नपणा काय? आणि गीतांजलीच्या फोमवर झोपलेला तो नागपूरचा, रायपूरचा, खरगपूरचा माणूस, त्याला तर दंडवते नावाचा माणूस कोण हे पण माहीत नसणार.

म्हणजे दंडवत्यांनी आयुष्यातली दोन सगळ्यात मोठी कामं अशा लोकांसाठी केली जे त्यांना मत देऊ शकत नव्हते. मला वाटतं हे त्यांचं खरं मोठेपण आहे आणि यावर मेसेज फिरायला पाहिजे. साधा कुर्ता घालणं सोपं आहे हो. ज्याचं मत मिळणार नाही त्याच्यासाठी काम करणं अवघड आहे, कारण राजकारणाची सगळी गणितं त्याच्या उलट चालतात.

आणि ९१ नंतर ती गणितं अजून पक्की झाली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये खासदार निधी सुरू झाला, आज वर्षाला पाच कोटी मिळतात. वाईट हेतूने सुरू झाला असं मी म्हणत नाही, त्यातून कामं होतात. पण त्याने खासदाराची व्याख्याच बदलली. समाजमंदिर, स्मशानशेड, व्यायामशाळा, चौकातला हायमास्ट, प्रत्येकावर नावाची पाटी. आपण पण खासदाराला विचारतो ते हेच की आमच्या वाडीत काय दिलं. लोकसभेत तू रेल्वेच्या मागण्यांवर काय बोललास, कुठल्या दुरुस्त्या सुचवल्यास, हे कुणी विचारत नाही. रेल्वेचं वेगळं बजेट २०१७ पासून बंद झालं, ते पण मुख्य बजेटमध्ये गेलं, म्हणजे वर्षातून एक दिवस तरी सगळा देश रेल्वेमंत्र्याचं भाषण ऐकायचा आणि आपल्याला काय मिळालं ते बघायचा, ते पण गेलं. अशा वेळी पंचायतीच्या सदस्याने करायची कामं खासदार करतो, आणि खासदाराने करायचं काम कुणीच करत नाही.

आज सेकंड क्लासचं काय चाललंय बघा. गेल्या गणपतीला मी सावंतवाडीला गेलो ते जनरलच्या डब्यात, पनवेलपासून चिपळूणपर्यंत एका पायावर, शेजारी सहा महिन्यांचं बाळ घेतलेली बाई, तिला बसायला जागा देणाऱ्या पोराला स्वतःला उभं राहायला जागा नव्हती. स्लीपरचं वेटिंग दोन महिने आधी लागतं, दोन मिनिटांत बुकिंग फुल्ल. स्लीपरचे डबे कमी करून एसी थ्री टियरचे वाढवले जातात हे प्रवासी डोळ्यांनी बघतोय. जून २०२३ पासून मडगाव वंदे भारत धावते, चांगली गाडी आहे, मी तिच्या विरोधात नाही, ज्याला परवडते त्याने जावं. पण दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोरोनानंतर ठाण्याच्या पुढच्या दिवा स्टेशनहून सुटायला लागली ती अजून दिव्याहूनच सुटते, आणि लालबाग-परळच्या म्हाताऱ्या माणसाने बोचकी घेऊन लोकलच्या गर्दीत दिव्याला जायचं, का? तर कोकण रेल्वे रोह्याच्या पुढच्या वीर स्टेशनपर्यंत दुहेरी झाली, विजेवर पण आली, पण वीरच्या पुढे अजून बहुतेक एकच लाईन. एका लाईनवर वेगवान गाडी पुढे काढायची म्हटलं की पॅसेंजरला सायडिंगला थांबवतात. इथे नेमका दंडवत्यांच्या उलटा न्याय चाललाय. फर्स्ट क्लास वर उचलायचा, आणि सेकंड क्लास जिथे आहे तिथे उभा.

त्यात आमच्या मार्गावर अजून एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते. कोकण रेल्वेच्या हद्दीत प्रवासी भाड्यासाठी अंतर चाळीस टक्के वाढवून धरतात. शंभर किलोमीटर गेलात तर एकशेचाळीसचे पैसे. बांधकामाचं कर्ज फेडायचं होतं, मार्ग अवघड होता, म्हणून सुरुवातीला समजू शकतो. पण पंचवीस वर्षांच्या वर झाली, आणि हा बोजा वंदे भारतवाल्याला जड नाही, दिवा-सावंतवाडीच्या पॅसेंजरमध्ये बसणाऱ्याला जड आहे.

आता कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायचं चाललंय. चारही राज्यांची संमती झाली, महाराष्ट्राने २०२५ मध्ये दिली, अट अशी की कोकण रेल्वे हे नाव राहिलं पाहिजे. नाव राहू दे, चांगलं आहे. पण अटींमध्ये दुहेरीकरण किती वर्षांत हे का नाही? चाळीस टक्के कधी काढणार हे का नाही? प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीला किमान किती जनरल आणि स्लीपर डबे असतील हे का नाही? ही अशी वेळ परत यायची नाही, कारण एकदा विलीन झालं की राज्यांचा त्या कंपनीतला शब्द संपला, मग आपण पण बाकीच्या देशासारखे रांगेत. १९९० मध्ये सरकार पडायच्या आत कंपनी उभी करायची घाई ज्यांना कळली होती, त्यांनी आज विलीनीकरणाच्या कागदावर सही करायच्या आधी सेकंड क्लासच्या माणसासाठी एक ओळ तरी घालून घेतली असती याची मला खात्री आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की या २१ जानेवारीला तो मेसेज आला तर पुढे पाठवू नका. त्याऐवजी आपल्या खासदाराला, मग तो रत्नागिरी-सिंधुदुर्गचा असो, रायगडचा असो की मुंबई-ठाण्यातला, कारण चाकरमान्याचं मत तिथे आहे आणि या वेळी ते उपयोगी पडू शकतं, त्याला लेखी विचारा की विलीनीकरणाच्या करारात या तीन गोष्टी आहेत का. उत्तर नाही आलं तर परत विचारा. मी दोन पत्रं पाठवलीत, एकाचं उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं की आपलं निवेदन संबंधित विभागाकडे पाठवण्यात आलं आहे. तिसरं पत्र लिहून ठेवलंय. होल्डॉल अजून माळ्यावरच आहे, बाबांनी १९७९ नंतर तो कधी वापरला नाही.